गाडीचं तोंड

शेजारच्या गच्चीवर फायबरची टाकी सांधत होते. तो उग्र वास आला आणि बुटीबोरीचं शेड आठवलं. तिथं गाड्यांचे पुढचे भाग फायबरचे बनत. आम्ही त्याला तोंड म्हणायचो. नवरा वारल्यावर मी तिथं झाडू मारायला लागले. त्यात दोन पोरींचं भागत नव्हतं.

एकदा कटरवाला आला नाही. मिस्त्री म्हणाले, "घे वं, हेडलाइटचं भोक तू काप."

"बिघडलं तं?"

"काहून बिघडते?"

ब्लाऊज बेतताना सोडतात तसं शिलाईपुरतं सोडून मी खुणेच्या आतून कापलं. लाइट आत जाईना. मिस्त्री हसले. "ब्लाऊज शिवून राहिली का वं? बरं झालं. कमी कापलं तं घासता येते."

फायबरच्या भुशानं अंगाला खाज सुटेपर्यंत घासलं. लाइट असा बसला, की बोट फिरवलं तरी कड लागेना. रबर लावून तांब्याभर पाणी ओतलं. आत थेंब गेला नाही.

"उद्यापासून झाडू नको धरू," मिस्त्री म्हणाले.

तोंड वाया गेलं असतं तर मालकाची बोलणी त्यांनीच खाल्ली असती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आज टाकीच्या वासामुळे सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी माझी उघडी ठेवली.