ठाण्यातलं बाक

आमच्या नागपूरच्या विणकर मोहल्ल्यात चोरी झाली की धोंडबा भाकरी बांधायचा. कोणाचा लोटा जावो नाहीतर कोंबडी, पोलीस यायच्या आत हा माग थांबवून, फडक्यात भाकरी घेऊन, ठाण्यातल्या बाकावर जाऊन बसायचा.

मी यमुताई, त्याची शेजारीण. त्याने चोरी कधीच केली नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? केली होती. शेठच्या गोदामातून जरीची पेटी उचलली आणि सहा महिने जेलात काढले. पण एकदाच. त्यानंतर ठाण्यात त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली आणि पुढे कितीतरी वर्षं मोहल्ल्यातली प्रत्येक चोरी याचीच. आधी शिपाई यायचे, जयासमोर, त्याच्या लहानग्या पोरीसमोर, दंडाला धरून न्यायचे. ते नको म्हणून हा आपल्या पायानेच जायला लागला. जया मागोमाग जायची, बापाशेजारी पाय हलवत बसायची. संध्याकाळी आतून कोणीतरी म्हणायचं, "जा." मग ती त्याचं बोट धरून त्याला ओढतच घरी आणायची.

पुढे जयाची दोन स्थळं या ठाण्यापायी मोडली, तेव्हा माझं डोकं फिरलं. धोंडबाची बायको रुख्मिणी नुसती रडायची. तिला बरोबर घेऊन मीच मोठ्या साहेबाच्या दारी चकरा मारल्या. "माणूस सुधरला, तं तुमच्या कागदाले काहून सुधरता येत नाही?" असं तोंडावर विचारलं. शेवटी बाहत्तर साली हिस्ट्रीशीट बंद झाली. जमादार स्वतः घरी येऊन म्हणाला, "धोंडबा, तुझं नाव काढलं. आता ठाण्यात येऊ नको गा." मी मोहल्ल्यात पेढे वाटले. मला वाटलं, सुटला बिचारा.

पुढच्या वर्षी जयाला उमरेडचं स्थळ आलं. मागचं त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड उतरलं, आणि नवरदेवाच्या आत्याने, मैनाबाईने, कल्ला केला. तिची गळ्यातली सोन्याची एकदाणी सापडेना. कोणी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण मी वळून पाहिलं तर धोंडबा जागेवर नव्हता, आणि पुऱ्यांच्या टोपल्यावरचं फडकंही नव्हतं. तो कुठे गेला ते मी ओळखलं.

एकदाणी निघाली मैनाबाईच्याच ट्रंकेत, शालीच्या घडीत. तिला चार शब्द सुनावायला जीभ वळवळत होती, पण वेळ कुठे होता? व्याह्यांना सांगितलं, "धोंडबा बर्फ आणायला गेले," आणि तशीच ठाण्याकडे पळाले.

तो त्याच बाकावर बसला होता. नवं धोतर, डोक्याला फेटा, मांडीवर फडक्यात पुऱ्या.

"बाई, हे कोण आहेत?" नवा हवालदार वैतागला होता. "यांचं नाव आमच्याकडे नाही. सांगून राहिलो, तरी उठत नाहीत."

"एकदाणी सापडली गा," मी धोंडबाला म्हटलं. "ऊठ. पोरीचं लगन आहे आज."

"मले अजून कोणी 'जा' नाही म्हटलं," तो म्हणाला.

मला संताप आला आणि रडूही आलं. हवालदाराला म्हटलं, "साहेब, याले जा म्हणा."

"काहून?"

"म्हणा तं."

"जा," हवालदार म्हणाला. धोंडबा उठला, त्याला हात जोडले आणि माझ्यामागे चालू लागला.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. वऱ्हाडाला काही कळलं नाही. निघताना जया सगळ्यांच्या पाया पडली. आपल्यात निघणाऱ्याला "ये" म्हणतात, "जा" कोणी म्हणत नाही, अशुभ मानतात. बाया डोळे पुसत "ये बाई, ये" म्हणत होत्या. धोंडबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा."

"बाप असं म्हणते काय वं?" मैनाबाई म्हणाली.

"आमच्या मोहल्ल्यात असंच म्हणतात," मी ताडकन उत्तर दिलं.

लहानपणी धरायची तसं जयाने बापाचं बोट धरलं आणि त्याला ओढत मोटारीपर्यंत नेलं. तिथे त्याने बोट हळूच सोडवून घेतलं. मोटार गेली. तो मांडवात परत आला आणि तिथल्या एका बाकावर बसून राहिला.