पाथरीचा काना

दिल्लीत द्वारकेला राहायला आलो तेव्हा आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट रिकामे होते. पाणी टँकरने यायचं, मेट्रो अजून कागदावरच होती. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. सकाळी आठच्या चार्टर्ड बसने जायचा तो दिवेलागणीला परत. मधल्या वेळात घरात तोंड उघडायचा तो फक्त कुकर.

हिवाळ्यात एकदा उन्हाला म्हणून लॉनवर गेले, तर गवतात जमिनीला चिकटून पाथरी पसरलेली! ही कडवट पानांची भाजी आई शेताच्या बांधावरून आणायची आणि बारीक चिरून, कांदा, दाण्याचं कूट घालून कच्चीच वाढायची. मी तिथेच उकिडवी बसून खुडायला लागले. लाज कसली, बघायला होतं कोण?

पण होतं. समोरच्या दारच्या पंजाबी बाई फिरायला निघाल्या होत्या. मी उठता उठता एक हात कमरेवर ठेवून वाकलेली.

"क्या हुआ, भाभीजी?"

"पाथरी है," मी आनंदाने सांगितलं. "बहुत सारी है!"

त्यांचा चेहराच उतरला. "दर्द होता है?"

बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. म्हटलं, "थोड़ा."

अकरा वाजता बेल वाजली. बाई हातात स्टीलचा पेला घेऊन उभ्या. "कुल्थी का पानी है. गुर्दे की पथरी इसी से गलती है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पथरी म्हणजे मुतखडा! एक काना गळला आणि माझ्या भाजीचा खडा झाला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाई तोवर आत येऊन खुर्चीत बसल्या होत्या. तीन महिन्यांत त्या घरात आलेलं ते पहिलं माणूस. मी मुकाट्याने कुळथाच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला.

मग त्या रोज अकराला यायला लागल्या. मी पावणेअकरालाच चहाचं आधण ठेवायची. त्या विणत बसायच्या, बहिणीच्या सासरच्या गोष्टी सांगायच्या. पाथरी मी आता दुपारी, चोरासारखी खुडायची.

तीन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "चलो, सोनोग्राफी का टाइम ले लिया है." आता मात्र निस्तरणं भाग होतं. मी स्वयंपाकघरातून भाजीची ताटली आणून पुढे ठेवली आणि सगळं कबूल केलं. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एक पान चावून तोंड वाकडं केलं, मला मिठी मारली. "शुक्र है, आप तो बिल्कुल ठीक हैं!"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या, गोड हसल्या. "अब मुझे आपकी कोई फ़िक्र नहीं."

मी मान डोलावली. मला बरं वाटत नाही, एवढं एकच खरं होतं, आणि नेमकं तेच मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.