खंडेनवमीचं कुंकू
हुबळीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, शेड होती. दोन हजार सालानंतर आम्हाला विमानाच्या सांगाड्याचे नमुन्याचे भाग करायचं काम मिळालं. कार्बनच्या धाग्यांचं प्लास्टिक तापवून प्रेसखाली साच्यात दाबायचं, आणि दोन भाग रिव्हेट न मारता नुसत्या उष्णतेनं सांधायचे. भाग पापडासारखे हलके, पण सांध्याच्या जागी उघडं बोट लागलेलंही चालायचं नाही. हातमोज्यांवरून मी कामगारांशी रोज भांडायचो.

खंडेनवमीला अण्णानं प्रेसची पूजा केली. केली तर केली, पण शेजारी सांधायला ठेवलेल्या भागांनाही त्यानं तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली, नेमकी सांधायच्या कडेला. मी ओरडलो, "हे आता टाकून द्यावे लागतील!"

"बिडो रे, सोड! फडक्यानं पुसलं की झालं. देवाच्या कुंकवानं कधी कुणाचं वाईट होतंय का?"

पुसून सांधलेले भाग बंगळूरला चाचणीत उकलले. बोटं ओढली होती, बरोबर तिथंच. काम गेलं.

पुढच्या खंडेनवमीला त्याच प्रेसवर आम्ही हॉटेलांसाठी प्लास्टिकचे ट्रे दाबत होतो. अण्णानं या वेळी भटजी बोलावले होते. प्रसाद वाटताना तो पाहुण्यांना सांगत होता, "गेल्या वर्षी ऐन पूजेत हा ओरडला. विमानाचं काम गेलं ते त्यामुळंच."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. आईनं माझ्यापुढं कुंकवाची वाटी धरली आणि म्हणाली, "या वेळी तूच लाव."