हाक एकच

कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धेत जो परीक्षक उभा असतो, तो परीक्षक होण्यापूर्वी कोण असतो? हा प्रश्न मला मुलुंडमध्ये, आमच्या शाळेच्या मैदानावर पडला. ज्या एका माणसामुळे तो पडला, त्याच्यापुरतेच उत्तर मी शोधले. इतर परीक्षकांविषयी मला ठामपणे काही सांगता येणार नाही.

हा माणूस बोलण्याऐवजी उजव्या हाताचा तळवा छातीसमोर धरायचा. बंद दाराला हात टेकवावा तसा, उभा आणि हलका. त्याचा अर्थ, थांबा. त्या तळव्यापुढे कुत्री थांबत, त्यांचे मालक थांबत, आणि कुंपणापलीकडे उभे राहून शेरे मारणारी मंडळीही गप्प होत. "हाक एकच," परीक्षक म्हणत. "मग थांबायचं."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, चेंबूर अशा ठिकाणचे श्वानप्रेमी हिवाळ्यातल्या एका रविवारी आमच्या मैदानावर जमत. मैदान शाळेचे, म्हणून शाळेचा एक शिक्षक हजर हवा. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो अशी ख्याती होती, त्यामुळे चुन्याने आखलेल्या रिंगणात उभे राहून स्पर्धकांना 'चला', 'थांबा', 'हाक मारा' अशा सूचना देण्याचे काम माझ्याकडे आले. मालक बहुतेक मराठी, कुत्री मात्र इंग्रजी. घरी मालवणीत भांडणारा गृहस्थ मैदानात आला की "सिट" आणि "स्टे" म्हणू लागे. "मास्तर, ह्यांच्या घरात इंग्रजी कळणारा तो एकटाच," परीक्षक माझ्या कानाशी पुटपुटत.

पुढचे समजण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा. कुत्र्याला एका टोकाला बसवून मालकाने दुसऱ्या टोकाला जायचे, आणि सूचना मिळाल्यावर त्याला एकदाच बोलवायचे. दुसरी हाक मारली की गुण गेले. अर्थात दुसरी हाक उघडपणे कोणीच मारत नाही. ती चपलेच्या घासण्यातून येते, खांद्याच्या झटक्यातून येते आणि सर्वांत जास्त वेळा खोकल्यातून येते.

अंधेरीच्या एका बाईंचा डॉबरमन पहिल्या हाकेला हलला नाही. बाई खोकल्या. तो तडक धावत आला. परीक्षकांनी शून्य मांडले.

"जज्जसाहेब, खोकला आला हो मला! आता खोकायचंही नाही का?"

"खोका की, बाई. पण तुमचा खोकला त्याला पाठ आहे. माझ्या खोकल्याला उठतो का बघू." आणि ते चांगले घसा खाकरून खोकले. डॉबरमनने जांभई दिली. शेवटी बाईंनाही हसू आवरेना.

लोक त्यांना निवृत्त फौजदार समजत. काहींच्या मते ते लष्करात कुत्र्यांच्या तुकडीवर होते. मी एकदा सरळ विचारले.

"छे हो! मी प्रॉम्प्टर," ते म्हणाले. दिवसा गिरणीच्या कचेरीत कारकुनी, संध्याकाळी कामगारांच्या नाटकांत विंगेत पुस्तक धरून उभे. "नटाला ऐकू जायला हवं आणि पहिल्या रांगेला नको, असं आयुष्यभर बोललो. चोरून दिलेला शब्द मला नाही कळणार तर कुणाला?" गिरणी बंद पडल्यावर शेजाऱ्यांचा अल्सेशियन फिरवता फिरवता ते या मंडळींत आले, आणि जुन्या परीक्षकांच्या हाताखाली उभे राहून हे काम शिकले.

इथे माझा प्रश्न सुटला असे मला वाटले. वाचकांनाही तसेच वाटत असेल. उत्तर अर्धेच होते.

मधे एक गंमत सांगून टाकतो. बोरिवलीच्या एका हौशी गृहस्थांकडे कोली जातीचा कुत्रा होता. मेंढ्या वळणाऱ्यांची ही जात, तेव्हा तिचे रक्तातले कसब मुंबईकरांना दाखवावे असे त्यांनी ठरवले. मेंढ्या मिळाल्या नाहीत, म्हणून भाड्याने शेळ्या आणल्या. कुत्र्याने शेळी प्रथमच पाहिली. शेळ्यांनी मात्र कुत्रे पुष्कळ पाहिलेले. त्यांनी त्याला शिस्तीत कोपऱ्यात नेले आणि तिथेच दाबून धरले. परीक्षकांनी निकाल गंभीरपणे जाहीर केला: "पहिला नंबर शेळ्यांचा. एकही हाक न मारता काम केलं."

आता राणीविषयी. घाटकोपरच्या एका परिचारिकेची ही म्हातारी अल्सेशियन कुत्री, कमरेत अधू झालेली. बाईंनी मराठीतच हाक मारली, "राणी, ये." राणीने एक कान वळवला आणि ती बसूनच राहिली.

मग कुंपणाकडून शेरे सुरू झाले. "अगं, परत बोलव ना!" "वाट लागली रे हिची." "झोपली वाटतं!" बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. मी हात वर करून फेरी संपल्याची खूण करणार, तोच परीक्षकांचा तळवा माझ्याकडे वळला. ते राणीच्या कानाकडे पाहत होते.

राणीने आधी पुढचे पाय उभे केले, मग कष्टाने मागचे. मग ती चालू लागली. मधे एकदा टेकली, पुन्हा उठली आणि मालकिणीच्या पायाशी येऊन बसली. परीक्षकांनी चालीचे गुण कापले. हाकेचे पूर्ण दिले.

"इतका वेळ थांबायचं?" मी नंतर विचारले.

"कान वळला होता, मास्तर. हाक पोचली होती. उत्तर यायचं होतं फक्त."

"हेही विंगेतच शिकलात?"

"विंगेत?" ते हसले. "विंगेत एवढा थांबलो असतो तर नटांनी मारलं असतं मला. संध्याकाळी घरी या."

त्यांचे घर भांडुपला होते. वहिनी खिडकीजवळ बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली होती आणि त्याबरोबर बोलणेही गेले. समजत सगळे होते. शब्द मात्र वेळेवर हाताशी येत नव्हते.

चहा झाला. वहिनींनी फळीवरच्या डब्याकडे डोळे वळवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ते... ते..."

"बिस्किटं?" मी तत्परतेने म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि नजर खाली वळवली.

परीक्षकांनी तळवा उभा केला, या वेळी माझ्यासाठी. मग बायकोला हळूच म्हणाले, "सांग गो. आमका घाई नाय."

आम्ही थांबलो. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. वहिनींचे ओठ हलत, बंद होत, पुन्हा हलत. मला ते पाहवेना. शब्द माझ्या जिभेवर नुसते दाटून येत होते.

"खा... खाजां," त्या म्हणाल्या.

डब्यात गावच्या जत्रेतले खाजे होते, त्यांच्या भावाने पाठवलेले. परीक्षकांनी डबा काढला, पण माझ्यापुढे धरला नाही. तो वहिनींच्या डाव्या हातात दिला. पाहुण्याला त्यांनी स्वतः दिले.

जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "सुरुवातीला मीच पुरवत होतो सगळे शब्द. पाणी? भात? पंखा? ती हो म्हणायची. कशालाही हो म्हणायची. मला वाटायचं, काय झकास जमतंय आमचं! मग इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई खवळल्या. म्हणाल्या, तुम्ही शब्द दिलात की त्या तोच घेतात, आणि त्यांचा स्वतःचा आत राहून जातो. असं चाललं तर त्या कायमच्या गप्प होतील." मग म्हणाले, "उभा जन्म प्रॉम्प्टिंग केलं, मास्तर, आणि आता माझ्याच घरात तोंड मिटून बसायला शिकतोय. रविवारी तुमच्या मैदानावर त्याचीच तालीम होते."

त्यानंतरची दोन-तीन वर्षे मी वहिनींची प्रगती ऐकत होतो. रिंगणात पट्टी धरून अंतर मोजता मोजता ते मधेच सांगत, "काल 'खिडकी' म्हणाली." किंवा, "मला 'गप्प बसा' म्हणाली. स्पष्ट!" पदक मिळालेल्या मालकाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो त्या वेळी मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

दशक संपत आले तेव्हा एका पावसाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. त्या हिवाळ्यात रिंगणात नवे परीक्षक आले. नियमाला पक्के, सज्जन गृहस्थ. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पण एक कुत्रा हाक ऐकून कान वळवून बसला, आणि त्यांनी घड्याळ पाहून त्याला बाद केले. माझा उजवा हात आपोआप छातीपर्यंत आला होता. मी तो खाली घेतला.

त्याच आठवड्यात मी भांडुपला गेलो. वहिनींनी स्वतः दार उघडले. त्यांच्या हातात काठी होती. आम्ही खिडकीजवळ बसलो. भिंतीवर परीक्षकांचा फोटो होता, विंगेतला, हातात पुस्तक. वहिनींनी तिकडे पाहिले.

"ते..." त्या म्हणाल्या. "ते..."

माझा शब्द तयार होता. 'गेले.' दुसरे काय असणार? वहिनींना तो उच्चारण्याचे कष्ट तरी पडू नयेत, म्हणून मी तोंड उघडले.

वहिनींनी काठी मांडीवर ठेवली आणि डावा तळवा छातीसमोर उभा धरला.

मी थांबलो. चहा निवत गेला. त्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"ते... थांबायचे," त्या म्हणाल्या.

परीक्षक होण्यापूर्वी माणूस कोण असतो, या प्रश्नाला मला मिळालेले उत्तर वहिनींच्या त्या एका शब्दाएवढेच आहे. ते माझ्या शब्दावर मान्य करू नये. तुमच्या घरी, शेजारी कोणी शब्दासाठी अडखळत असेल, तर तुमचा शब्द एकदा मनातच ठेवा आणि थांबून पाहा. त्यांचा शब्द येईल तेव्हा तो तुमच्या शब्दाशी जुळतो का, हे कृपया स्वतः तपासा.