नटीचं पत्र आणि लातूरचा फोन

ती घटना आजही आठवते आणि आठवली की बरं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत असं क्वचित होतं.

मी तेव्हा नांदेडमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक वयस्कर बाई फिर्याद द्यायला आल्या. लग्नासाठी मुदखेडला गेल्या असताना घराचं कुलूप तुटलं होतं. कपाटातले दागिने जागच्या जागी होते. फक्त एक पत्र्याची पेटी गेली होती. पेटीत जुन्या सिनेमातल्या नटनट्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली पत्रं होती. शाळकरी वयापासून बाई त्यांना पत्रं लिहीत, आलेली उत्तरं जपून ठेवत.

ठाणे अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, रद्दीच गेली की. गुन्हा कशाला वाढवता?"

बाईंनी ते ऐकलं. "रद्दी न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "त्यात एक खत माझ्या अब्बांच्या नावानं हाय. सातवीनंतर त्यांनी माझी शाळा बंद केली होती. मी रडत रडत एका हिरोइनला लिहिलं. तिनं मला न्हाई, अब्बांना जवाब दिला. दुसऱ्या दिवशी अब्बांनी स्वतः मला शाळेत सोडलं. मी मास्तरीण झाले ती त्या कागदामुळं."

मी गुन्हा नोंदवला आणि पंचनामा केला. दागिने सोडून कागद नेणारा चोर माहितीतलाच असणार, हे उघड होतं. घरी कोण कोण आलं होतं ते विचारल्यावर बाईंना एक तरुण आठवला. प्रदर्शन भरवायचं म्हणून तो पत्रांचे फोटो काढून गेला होता. त्याला बोलावलं. सरळ नाही म्हणाला. खोलीची झडती घेतली, काही मिळालं नाही. पुराव्याशिवाय अडकवून ठेवता येईना, सोडून दिला.

मला घाई होती. असा माल एकदा मुंबईच्या शौकिनांकडे गेला की एकेक पत्र एकेका घरात जातं. मग ते परत येत नाही.

तपास थांबल्यासारखा झाला असताना लातूरहून ठाण्यात फोन आला. बोलणारा कापडाचा दुकानदार होता. त्याला नटनट्यांच्या सह्या जमवायचा नाद होता.

"साहेब, एका पोरानं माझ्याकडं एक पत्र विकायला ठेवलंय. ह्या नटीची सही मी उभा जन्म शोधतोय. पण मला उर्दू येत न्हाई, म्हणून शेजारच्या मौलवींकडून वाचून घेतलं. ते तर पोरीच्या बापाला लिहिलेलं हाय! असलं पत्र कोणतं घर विकंल? पाकिटावर तुमच्या नांदेडची गल्ली हाय, म्हणून फोन केला."

"पोरगा परत कधी येणार?"

"पैशाला येतो म्हणलाय. बसवून ठिवतो चहाला."

आमचं पथक लातूरला पोचलं, तेव्हा तोच फोटोवाला तरुण दुकानात चहा पीत होता. पत्र जप्त करून त्याला नांदेडला आणलं. तरी तो बधेना. बाईंनीच एक पत्र भेट दिलं, म्हातारपणी विसरल्या असतील, बाकीचं मला माहीत नाही, हेच घोकत राहिला. आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. शेवटी पत्र ओळखण्यासाठी बाईंना बोलावलं आणि त्याला समोर बसवलं.

बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बेटा, बाकीचे कागद ओलीत तर न्हाई ना ठेवले?"

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "न्हाई बाई. धर्माबादला बहिणीच्या घरी लोखंडी कपाटात हायत. एकबी फाटलं न्हाई."

धर्माबादहून पेटी आणली, तर खरंच एकही फाटलेलं नव्हतं.

मुद्देमाल खोलीत कागदांना वाळवी लागते, म्हणून पत्रं सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटल्यात लागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, बाईंना लवकर परत द्यावीत, असं मी न्यायालयाला लिहिलं. न्यायालयानं ते मान्य केलं. पेटी देण्याच्या दिवशी लातूरचा दुकानदार मुद्दाम आला होता. त्यानं बाईंना नमस्कार केला. "बाई, एकदा तुमच्या तोंडून ऐकवा."

बाईंनी पत्र उघडलं, पण कागदाकडे न बघताच तोंडपाठ म्हणून दाखवलं: "तुमच्या मुलीचं अक्षर माझ्याहून सुरेख आहे. तिला शिकू द्या. मला शिकता आलं नाही, म्हणून माझ्या इंग्रजी करारात काय लिहिलंय ते आजही मला दुसऱ्याला विचारावं लागतं."

दुकानदारानं डोळे पुसले. पत्र हातात घेऊन सहीवरून फक्त एकदा बोट फिरवलं आणि ते बाईंना परत दिलं.

नोकरीनं मला माणसावर संशय घ्यायला शिकवलं, आणि ते कामाचंच होतं. पण या तपासात माझ्या चौकशीपेक्षा बाईंची माया आणि त्या दुकानदाराची नियत जास्त उपयोगी पडली. हवी ती वस्तू हातात आलेली असताना त्यानं ठाण्याला फोन केला. असे लोक असतात म्हणून पोलिसांचं निभतं, हे मी तेव्हा शिकलो आणि त्यांचं ऋण मानतो.

त्याचे आभार मानायला मी टंकलेखकाला न सांगता स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. आठवड्याभरात त्याचं उत्तर आलं: "साहेब, तुमचं पत्र मिळालं. नटनट्यांच्या फायलीत सगळ्यात वर लावलंय."