घाटापलीकडचं दार

महाडच्या स्टँडवर साताऱ्याची एसटी सुटायला दहा मिनिटं होती आणि मी सारखी फाटकाकडे बघत होते. मांडीवर चार वर्षांची सई, खिडकीशी सात वर्षांची रेवा, पर्समध्ये कोर्टाचा हुकूम. मुलींना साताऱ्याला न्यायची परवानगी त्यात होती. तरीही महेंद्र येईल आणि सगळ्यांदेखत मुलींना उतरवून घेईल, ही धास्ती जात नव्हती. "मुलींना घाटापलीकडे नेऊन दाखवच," असं तो म्हणाला होता.

दीड वर्ष आम्ही नवरा-बायको वेगळे राहत होतो. तो एमआयडीसीत शिफ्टला जायचा, मी मुलींना घेऊन आईकडे होते. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मला नर्सची कायमची नोकरी लागली, तेव्हा त्याने हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी रेवाला एकटीला आत बोलावलं. तेवढा वेळ आम्ही दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून होतो. ती बाहेर आली. आत काय बोललीस, हे तिला दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. मुली माझ्यासोबत जाणार आणि दर दुसऱ्या शनिवारी पोलादपूरला वडिलांना भेटणार, असं ठरलं.

"जा गो," आई म्हणाली, "पन पोरींना बापापासनं तोडू नको."

पोलादपूरला गाडी थांबली आणि महेंद्र चढला. कंपनीच्याच कपड्यांत होता. मी सईला घट्ट धरलं. तो आमच्या सीटपाशी आला, मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सईला घाट लागतो," तो मला म्हणाला. "पुढच्या सीटवर बस." आणि उतरला.

आंबेनळी घाट चढताना मी रडले. रेवा माझ्याकडे न बघता बाहेर बघत राहिली.

पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला आणि दोन शनिवार चुकले. महेंद्रचा फोन आला.

"मुद्दाम करतेस तू हे."

"दरड काय मी पाडली?"

"ते वकील विचारील तुला."

त्यानंतर आठवडाभर दवाखान्यात टपालवाला दिसला तरी कोर्टाची नोटीसच आली असं वाटायचं. मुली परत जातील का, नोकरी सोडावी लागेल का, दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी दार वाजलं. खिडकीतून पाहिलं तर महेंद्र! ताम्हिणी घाटाने पुण्याला आणि तिथून साताऱ्याला, असा पहाटेपासून गाड्या बदलत आला होता. हातात कागद नव्हता, भिजलेली पिशवी होती.

"भांडायला नाय आलो," तो बाहेरूनच म्हणाला. "पोरींना बघून जातो."

महाडला आईच्या घरी तो आला की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. दार आई उघडायची, बोलायची तीच. साताऱ्यात माझ्यापुढे कुणी नव्हतं. क्षणभर थांबले आणि कडी काढली.

तो पाय पुसून आत आला. सईने त्याला आमच्या दोन्ही खोल्या फिरवून दाखवल्या. संध्याकाळच्या गाडीने तो गेला. आम्ही परत एकत्र राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

महाडची माणसं अजून विचारतात, "घरी कधी येतेस?" मी सुट्टीची तारीख सांगते, पण मनात चूक दुरुस्त करते. महाडला आई आहे. घर इथे आहे, कारण इथलं दार कुणासाठी उघडायचं ते मी ठरवते.