तांबड्या भाताचं बी

शहापूरहून सरळगावला जाणारी सकाळची एसटी मिळाली आणि मी आधी फोन बंद केला. रविवारी माझी पाळी नव्हती. एरवी भाड्याच्या खोलीत बसून मी जे करतो त्याला इंटर्नशिप म्हणतात. युरोपात जमिनीखाली एका अवाढव्य यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्या टकरींच्या नोंदी जगभरच्या संगणक केंद्रांत ठेवलेल्या असतात, बऱ्याचशा दोन-दोन ठिकाणी. एखादी फाइल हरवली की तिची दुसरी प्रत शोधून जागेवर आणायची, हे माझं काम. आईला हे समजावलं तर ती म्हणाली, "मग आपलं भात शोध की!"

झोंबलं, कारण ते भात मीच हरवलं होतं. बाबांच्या तेराव्याला तांदूळ कमी पडेल म्हणून मी माळ्यावरची लहान कणगी (बांबूची, शेणानं लिंपलेली कोठी) गिरणीत रिकामी केली. त्यात बाबांचं तांबड्या भाताचं बियाणं होतं. आईला कळेपर्यंत पंगती उठल्या होत्या. पण बाबा दर वर्षी निम्मं बी आत्याच्या घरी पोचवत. ते गेल्याला आता दोन पावसाळे झाले. तिच्याकडे ते उरलंय की तिकडेही संपलं, एवढंच मला बघायचं होतं.

सरळगावला जीप मिळाली. शेजारी करवंदांची टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी चौकशी केली, "कोनाकडं चाललास रे?" आत्याची वाडी सांगितली. वैशाखरे जवळ आल्यावर मी नकाशा पाहून ठेवल्याप्रमाणे जीप थांबवली, तर त्या म्हणाल्या, "आरं, वाडी पुडं हाय. हितं नको उतरू!" शिकलेला माणूस ऐकतो थोडाच? उतरलो, आणि भर उन्हात अर्धा तास पायपीट केली. शेतांतले राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेले तुकडे) काळे पडले होते. उजवीकडे लांब सिद्धगड धुरकट दिसत होता. या वाटेनं बाबा खांद्यावर गोणी घेऊन यायचे. मी एकदाही सोबत आलो नव्हतो, याचं फार वाईट वाटलं.

"आज कुठं वाट चुकलास?" आत्यानं दारातच विचारलं. पाणी दिलं, नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. घास गिळत मी कसंबसं म्हणालो, "आत्या, बाबांचं बी मी तेराव्याला…"

"ठाव हाय. मी जेवली ना त्या पंक्तीत. पयल्याच घासाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? भावाच्या नावानं गाव जेवत हुतं." ती चुलीकडे वळली. "घरी आली नि ठरवलं, आता यातला दानाबी खायाचा नाय. दोन सालं निस्तं पेरलं. तू येशील म्हनून."

मला रडू आवरलं नाही. तिनं रडू दिलं.

मग तिनं कणगीतलं भात मोजून निम्मं माझ्या गोणीत ओतलं. तोंड बांधता बांधता म्हणाली, "ह्यातलं निम्मं पुन्ना माज्याकडं आनून दे, पीक आल्यावर. पन मी आता किती दिस? मला पोरबाळ नाय. माज्या मागं कोनाच्या घरी ठेवशील?"

"बघतो," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत गोणी मांडीवर घेऊन बसलो आणि खरंच बघू लागलो. चुलतभावानं त्याचं शेत फार्महाउसवाल्याला विकलंय. शेजारचे दर वर्षी बाजारातलं बियाणं आणतात. मला बहीण नाही. कुठल्या फाइलची दुसरी प्रत कुठल्या देशात आहे, ते मी बसल्या जागी सांगतो. शहापूर आलं तरी आत्याला सांगण्याजोगं एक घर मला आठवलं नाही.